लेकाच्या नावाने निधी उभा राहतोय, पण मला त्यात उभं राहवत नाही

पत्र, थोडक्यात: हे पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून, एका आईकडून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी गेला. आधी एक डोळा तिरळा दिसू लागला, मग चालताना तोल जायला लागला. एमआरआयमध्ये डीआयपीजी निघाला, म्हणजे मेंदूच्या खोडातला, शस्त्रक्रियेने काढता न येणारा ट्यूमर. मुंबईला रेडिएशन झालं, काही महिने बरे गेले, मग आजार उलटला.

त्यानंतर वडिलांनी मुलाच्या नावाने ब्रेन ट्यूमरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. पहिल्या दौडीतून आणि गणपती मंडळांकडून ३ लाख ४० हजार जमले. उपचारासाठी लोकांनी दिलेल्या पैशांतले सव्वा लाख अजून खात्यात पडून आहेत. येत्या ८ जूनला, जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी, दुसरी दौड ठरली आहे. वडिलांना ट्रस्ट काढायचा आहे, आणि आईने व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे.

बाई लिहितात: "चौकात फ्लेक्स लागला की मी बाजाराला दुसऱ्या रस्त्याने जाते. फोटो शेवटच्या महिन्यांतला आहे, स्टेरॉइडने सुजलेला चेहरा. हे म्हणतात, असा फोटो बघूनच लोक पैसे देतात. दीर म्हणतात, एवढ्याशा पैशात कुठलं संशोधन होतंय, त्यापेक्षा शाळेला वॉटर कूलर द्या. सासूबाई म्हणतात, पोराच्या नावाने झोळी फिरवणं आता पुरे. न्यू जर्सीचा भाचा डॉलर पाठवतो म्हणतो. मुलगी पहिलीत आहे, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. मी ह्यांना साथ दिली नाही तर मी लेकाला विसरले असं होईल का?"

---

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असताना बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. व्यासपीठावर गेला नाहीत म्हणून तुम्ही लेकाला विसरलात असं अजिबात होत नाही. जिला चौकातल्या फोटोपायी बाजाराची वाट बदलावी लागते, तिला विसरण्याबद्दल कुणी काही ऐकवू नये. तुमच्या घरात सध्या एकाच माणसाचं दुःख सगळ्यांना दिसतंय, तुमच्या यजमानांचं. ते फ्लेक्सवर आहे, व्हॉट्सअॅपवर आहे, दौडीच्या टी-शर्टवर आहे. तुमचं कुठे छापलेलं नाही, एवढाच फरक आहे.

यजमानांवर मला राग धरता येत नाही, आणि तुमचाही तो मनापासूनचा नसावा असं पत्रावरून वाटतं. डीआयपीजी झालेल्या मुलाच्या बापाचं काय होतं बघा. पहिल्या भेटीतच डॉक्टर सांगतात, कापून काढता येणार नाही. रेडिएशनने काही काळ आराम पडेल. मग सहा आठवडे रोज मशीनखाली न्यायचं आणि नंतर नुसती वाट बघायची. बहुतेक मुलं निदानापासून वर्षभराच्या आसपास जातात. त्या सगळ्या काळात बापाच्या हाताला काम असं काही नसतं. आता आहे. पावत्या फाडायच्या, मंडळांना भेटायचं, पोलिसांकडून दौडीची परवानगी काढायची. ते काम सुटलं तर आपलं काय होईल, ही धास्ती त्यांना असणार. म्हणून तुम्ही "बंद करा" म्हणालात, तर ते भांडण दौडीपुरतं राहणार नाही. मी तुम्हाला तसं म्हणायला सांगणारही नाही. काम गरजेचं आहे. ते केवढं असावं, कुठे असावं आणि त्यात तुम्ही कुठे असावं, हे मात्र अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवताना तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

फोटोपासून सुरुवात करू. या आजारात मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने भूक खवळते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, गाल ताणून चकचकीत होतात, कधी कधी स्वभावही चिडका होतो. मुलाला आरशात बघवत नाही. शेवटच्या महिन्यांत काढलेला प्रत्येक फोटो त्या औषधाचा असतो. नऊ वर्षांतली बाकी सगळी वर्षं बाजूला सारून तोच चेहरा गावाच्या लक्षात राहावा, हे आईला सहन होत नसेल तर त्यात नाजूकपणा कसला? आई-वडील दोघांची संमती असल्याशिवाय मुलाचा फोटो बाहेर लावायचा नाही, असा नियम घरात करा. दोघांना पटेल असा फोटो निघाला तर ठीक. नाही निघाला तर नुसतं नाव पुरे, किंवा त्याने काढलेलं एखादं चित्र.

"असा फोटो बघूनच लोक पैसे देतात" हे यजमानांचं म्हणणं उपचाराच्या आवाहनापुरतं खरं असेल. तिथे एक जीव धोक्यात असतो, मुदत असते, लोक पटकन हात सैल करतात. संशोधनाच्या पैशाचं तसं नाही. तिथे देणाऱ्याला वर्षानुवर्षं बरोबर ठेवायचं असतं, आणि दरवर्षी तोच सुजलेला चेहरा दाखवून माणूस बरोबर राहत नाही. गेल्या वर्षी दिलेल्या पैशाचं काय झालं हे त्याला सरळ कळलं, तर तो राहतो.

आता दिरांचा प्रश्न. तो टोचून विचारला असला तरी प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हा दोघांनाही माहीत असायला हवं.

तुमच्या मुलाच्या आजारावरचं संशोधन कित्येक वर्षं अडून राहिलं, त्यामागे एक साधं कारण होतं: अभ्यासायला पेशीच मिळत नव्हत्या. मेंदूचं खोड म्हणजे श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांचं ठाणं. तिथे सुई घालणं धोक्याचं, म्हणून निदान एमआरआयवरच व्हायचं. मोठ्यांच्या ट्यूमरवरची औषधं मुलांना देऊन बघितली जायची आणि ती लागू पडायची नाहीत. हे बदललं त्यात मोठा वाटा आई-वडिलांचा होता. अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या काही कुटुंबांनी मूल गेल्यानंतर काही तासांत त्याच्या ट्यूमरचा नमुना अभ्यासासाठी दिला. त्यातून प्रयोगशाळेत या ट्यूमरच्या पेशी वाढवता आल्या. २०१२ साली कळलं की यातल्या बहुतेक मुलांच्या पेशींत हिस्टोन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गटाच्या ट्यूमरचं नावच त्या बदलावरून ठरलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदल असलेल्या रुग्णांसाठी डॉर्डाव्हिप्रोन नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध आजार बरा करत नाही. उपचारानंतर आजार पुन्हा वाढलेल्या ५० रुग्णांत साधारण २२ टक्क्यांचा ट्यूमर आकसला, एवढ्यावर ती मान्यता आहे. पण जिथे काहीच नव्हतं तिथे एक गोष्ट आली, आणि तिच्या मुळाशी मुलं गमावलेली घरं आहेत.

यजमानांना यातली दुसरी बाजूही सांगा. अमेरिकेत अशा घरांनी आधी आपापल्या मुलाच्या नावाच्या छोट्या छोट्या संस्था काढल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांनी डीआयपीजी कोलॅबोरेटिव्ह या नावाखाली पैसे एकत्र केले, कुठल्या प्रकल्पाला द्यायचे हे ठरवण्यासाठी डॉक्टरांचं मंडळ नेमलं, आणि सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातून चालणाऱ्या या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीला बळ दिलं. नोंदवही म्हणजे जगभरातल्या मुलांचे एमआरआय, तपासण्या आणि उपचारांची माहिती एका जागी. आजार दुर्मीळ असला की एका शहरातल्या डॉक्टरला वर्षात मोजकीच मुलं दिसतात. नोंदवहीशिवाय त्यातून काही निष्कर्ष निघत नाही. इंग्लंडमध्ये ब्रेन ट्यूमर रिसर्च नावाची संस्था कुटुंबांना सांगते की २,७४० पौंड म्हणजे आमच्या केंद्रातल्या संशोधनाचा एक दिवस, तो तुम्ही उचला. मला हे फार आवडतं. "आजार संपवू या" म्हणण्यापेक्षा "एक दिवस आमच्याकडे लागला" हे कुणालाही पेलतं, आणि त्यात खोटं काही नाही.

तुमच्या ३ लाख ४० हजारांचं असंच माप काढू. आपल्याकडे संशोधन करणाऱ्या कनिष्ठ फेलोला २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये विद्यावेतन आहे, घरभाडं वेगळं. म्हणजे एका मुलाच्या किंवा मुलीच्या नऊ महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी रक्कम एका तालुक्याच्या गावाने एका दौडीतून आणि मंडळांच्या मदतीने उभी केली. दिरांना हा हिशेब सांगा.

आणि संशोधन म्हटलं की परदेशी औषधच डोळ्यांसमोर आणायची गरज नाही. तुम्ही मुंबईला जात होतात तेव्हा तिथे काय काय चालतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्या दिवसांत कोण सांगणार? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षांच्या २०० रुग्णांवर एक अभ्यास झाला. सौम्य आणि कमी तीव्रतेच्या मेंदूच्या ट्यूमरला जुन्या पद्धतीने रेडिएशन द्यायचं, की ट्यूमरच्या आकाराला नेमकं धरून, हे त्यात तपासलं. रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. नेमकं दिलं तेव्हा मुलांची बुद्धी आणि संप्रेरकं जास्त शाबूत राहिली, आणि ट्यूमर आटोक्यात राहण्यात काही उणं पडलं नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नवं औषध एकही नव्हतं, पण वाचलेलं मूल पुढे शाळेत कसं शिकेल याचा तो प्रश्न होता. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात, नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या ट्यूमरचे चार उपप्रकार ओळखण्याची चाचणी बसवली. पॅथॉलॉजी विभागात मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या नमुन्यावरही ती करता येते. उपप्रकार कळला की कुणाला किती तीव्र उपचार लागतील याचा अंदाज येतो. ही कामं आपल्याकडच्या मुलांसाठी, आपल्याकडच्या परिस्थितीत झालेली आहेत.

"आधी उपचाराला द्या, संशोधन नंतर" असंही तुम्हाला पुष्कळ जण म्हणतील. मी त्यांना चुकीचं म्हणत नाही. बाहेरगावाहून आलेलं कुटुंब परळच्या फुटपाथवर राहतं आणि पैसे संपले म्हणून रेडिएशन अर्धवट सोडून गावी परततं, ही गोष्ट खरी आहे, आणि तिथे दिलेला रुपया आजच्या आज कामी येतो. पण सगळेच जर आजच्या मुलासाठी देत राहिले, तर दहा वर्षांनी येणाऱ्या मुलाला डॉक्टर तेच सांगणार जे तुम्हाला सांगितलं. दोन्हीकडे थोडं थोडं देणारी घरं असतात. फक्त देणाऱ्याला आधी सांगा की पैसा कुठे जाणार आहे. संशोधनासाठी मागितलेला उपचाराला वळवणं, किंवा उलट, हे चालणार नाही.

आता ट्रस्ट. मला वाटतं, निदान पहिली तीन-चार वर्षं ट्रस्ट काढू नये. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास नोंदवायचा म्हणजे १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात अर्ज, घटनापत्र, दरवर्षी हिशेब तपासनिसाकडून तपासून घेऊन दाखल करणं, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद. आयकराच्या नोंदण्या त्याशिवाय. हे सगळं दुःखाच्या पहिल्या वर्षात उत्साहाने होतं. पाच वर्षांनी मुलगी सहावीत असेल, यजमानांची बदली झाली असेल, आणि कपाटातली ती फाइल घरातल्या प्रत्येकाच्या छातीवर बसलेली असेल. मुलाच्या नावाची संस्था बंद करायची वेळ आली तर ते पुन्हा एकदा हरल्यासारखं वाटतं. आणि एवढं करून शेवटी पैसा द्यायचा आहे तो टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणीच ना? मग मधला ट्रस्ट कशाला?

त्याऐवजी थेट संस्थेला, ठरावीक कामासाठी देणगी द्या. टाटा मेमोरियल सेंटर केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे आणि देणग्या स्वीकारतं. तिथे किंवा तुम्ही निवडाल त्या संस्थेत पैसे भरण्याआधी एक पत्र लिहा: आमच्या मुलाच्या स्मरणार्थ, मुलांच्या ब्रेन ट्यूमरवरच्या संशोधनासाठी एवढी रक्कम द्यायची आहे; सध्या असा कुठला प्रकल्प चालू आहे, त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, यातली किती रक्कम कार्यालयीन खर्चात जाईल, वर्षाखेरीस काय झालं हे आम्हाला कळवाल का, आणि प्रकल्प आधीच संपला तर उरलेल्या पैशाचं काय कराल? लेखी उत्तर मागा. चांगल्या संस्थेला असे प्रश्न टोचत नाहीत. उत्तर यायला वेळ लागला तर ८ जूनच्या आत देण्याची घाई करू नका.

तोवर पैसे यजमानांच्या स्वतःच्या यूपीआयवर घेणं आजपासून थांबवा. हे कळकळीने सांगते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाला शंका नाही, पण पगार, दूधवाला आणि देणग्या एकाच खात्यात असल्या की वर्षभराने त्यांना स्वतःलाच हिशेब लागणार नाही. सासूबाईंच्या "झोळी" या शब्दाने तुम्हाला जे लागलं, तेच उद्या गावातला कुणी तरी कट्ट्यावर बसून म्हणेल. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, कलम ४१ क खाली, गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच. तुमच्याबरोबर ज्या मंडळांनी काम केलं त्यांच्या कार्यकर्त्यांना ती वाट पाठ आहे. त्याहून सोपं म्हणजे दौडीला येणाऱ्याने संस्थेच्याच खात्यावर परस्पर पैसे भरावेत आणि पावती तुम्हाला दाखवावी. त्याला करसवलतीची पावतीही थेट मिळते. जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच ती सवलत लागू आहे, आणि रोख दिलं तर दोन हजारांपर्यंतच, हे आवाहनातच लिहा म्हणजे नंतर कुणी नाराज होत नाही. तुमच्या गावाजवळच्या एमआयडीसीत मोठी कंपनी असेल तर तिच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीकडेही, संस्थेलाच जाऊ द्या. तुम्ही फक्त ओळख करून द्या.

भाच्याचं थोडक्यात. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे डॉलर परदेशी देणगी ठरतात, आणि त्यासाठीची वेगळी नोंदणी नसेल तर ते सार्वजनिक कामासाठी घेता येत नाहीत. त्याला सांगा, तिथल्याच एखाद्या डीआयपीजीच्या संस्थेला आपल्या भावाच्या नावाने दे. आजार तोच आहे.

पैशाशिवायही एक गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि मला वाटतं ती तुम्हाला व्यासपीठापेक्षा जवळची वाटेल. जिथे उपचार झाले तिथे विचारा: मुलाचे एमआरआय, त्याची केस फाइल, आणि बायोप्सी झाली असेल तर तो मेणाचा ठोकळा संशोधनासाठी वापरायला आमची संमती आहे, ती कुठे नोंदवायची? कधी उपयोग होतो, कधी नाही. पण हे एक पत्र लिहिण्याएवढं काम आहे. ते तुम्ही दुपारी घरात बसून, कुणासमोर उभं न राहता करू शकता.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की यजमानांना रात्री अनोळखी लोकांचे फोन येतात, एमआरआयचे फोटो येतात. मला यानेच जास्त काळजी वाटली. दौडीमुळे त्यांचा नंबर पसरलाय, आणि ज्याच्या घरात आता तेच सुरू झालंय तो बाप रात्री अकरा वाजता त्यांनाच विचारणार. त्यांनी प्रत्येकाबरोबर ते सगळं पुन्हा जगू नये. त्यांनी एक मजकूर लिहून ठेवावा: मी डॉक्टर नाही, तुमच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. टाटा मेमोरियलशी जोडलेली ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांचे आणि घरच्यांचे आधारगट चालवते, तिचं नाव त्यात द्यावं. आणि याच नंबरवर खात्रीशीर काढे आणि चमत्कारी उपचार विकणारेही येतील. त्यांची जाहिरात आपल्या ग्रुपवरून एकदाही पुढे जाऊ देऊ नका. तुमच्या लेकाच्या नावाच्या ग्रुपवर आलंय म्हणून एखादं घर त्यावर विश्वास ठेवेल. त्या आधारगटात तुम्ही दोघांनीही जाऊन बघावं असं मला वाटतं. निधीच्या कामासाठी नको, स्वतःसाठी जा.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. सहा वर्षांच्या मुलीने वर्षभरात भाऊ गमावला, आणि आई-वडील मुंबईला असताना बहुधा आजीजवळ राहिली. आता गाव तिला "त्या मुलाची बहीण" म्हणून ओळखतं. तिच्या भावाचं नाव टी-शर्टवर आहे, आणि तिच्याशी त्याच्याबद्दल बोलणारं मात्र कुणी नाही. तिला दौडीत पुढे उभं करू नका, हातात पाटी देऊ नका. तिचा वाढदिवस दौडीच्या तयारीत बुडू देऊ नका. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी संध्याकाळनंतर घरात निधीचा विषय निघणार नाही, फोन खाली. वडिलांनी तिला शाळेतून आणायचं, हेही त्यांनी दौडीइतकंच ठरवून करावं. ती रात्री दचकत असेल, पोट दुखतं म्हणून शाळा टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि समुपदेशकाकडे न्या.

सासूबाईंना मी वाईट म्हणणार नाही. त्यांचा नातू गेलाय, आणि त्यांच्या पिढीत गेलेल्याच्या नावाने अन्नदान होतं, शाळेला बाक दिला जातो. लोकांपुढे हात पसरणं होत नाही. पैसे परस्पर संस्थेच्या खात्यात जातात हे त्यांना दिसलं, वर्षश्राद्धाला घरचीच एक रक्कम त्यांच्या हातून दिली गेली, तर त्यांचा विरोध कदाचित उरणार नाही. उरला तर उरला.

आता यजमानांशी बोलायचं कसं? दौड महिन्यावर आली असताना रात्री दमून आल्यावर नको. एका सकाळी, दोघंच. "मला हे काम चालू राहायला हवंय" इथून सुरुवात करा, कारण पत्रावरून तरी ते खरं दिसतं. मग तुमच्या अटी सांगा. फोटो दोघांच्या संमतीने. वर्षातून एकच कार्यक्रम, आणि तो त्याच्या वाढदिवसाला किंवा तो गेला त्या तारखेला नाही. ते दोन दिवस घराचे. मी बोलणार नाही, आणि "आईला बोलवलं तर लोक जास्त देतील" हे पुन्हा म्हणायचं नाही. हवं तर मी हिशेबाची वही सांभाळेन. वही सुचवते, कारण तुम्ही पत्रात प्रत्येक रक्कम नेमकी लिहिली आहे; घरात हे काम नीट कुणाला जमेल हे मला तेवढ्यावरून कळलं. पण तेही नको वाटलं तर नको. आणि दरवर्षी दौड झाल्यावर महिन्याभराने दोघांनी बसून ठरवायचं, पुढच्या वर्षी करायची का. ज्या वर्षी दोघांपैकी एक जण नको म्हणेल, त्या वर्षी दौड होणार नाही आणि कुणाला त्याचं कारण द्यावं लागणार नाही.

स्वतःची दौड भरवण्याचा व्याप जड जात असेल तर आणखी एक मार्ग आहे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावपटू नोंदणीकृत संस्थांसाठी पैसे उभे करतात. यजमान आणि त्यांचे मित्र तिथे जाऊन धावू शकतात. मंडप, पाणी, रुग्णवाहिका, परवानग्या, सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर.

राहिले ते सव्वा लाख. ८ जूनच्या आधी हे मिटवाच. ते पैसे तुमच्या मुलाच्या उपचारासाठी आले होते. ते संशोधनाला द्यावेत असं तुम्हा दोघांना कितीही वाटलं तरी देणाऱ्यांना न विचारता देऊ नयेत. ऑनलाइन आवाहनाच्या संकेतस्थळावरून आले असतील तर आधी त्यांना कळवा, त्यांचे उरलेल्या रकमेबद्दलचे नियम असतात. गावातल्यांना आणि नातेवाइकांना यजमानांनी आणि तुम्ही, दोघांच्या नावाने, एक निरोप पाठवा. असा काहीसा: "तुम्ही आमच्या मुलाच्या उपचारासाठी मदत केलीत. त्यातले १ लाख २५ हजार रुपये खर्च झाले नाहीत. हे पैसे रेडिएशनसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या खर्चाला द्यावेत की ब्रेन ट्यूमरच्या संशोधनाला, ते तुम्ही कळवा. तुमचा वाटा परत हवा असेल तर नि:संकोच सांगा, आम्ही परत करू. महिन्याभरात काही कळलं नाही तर आम्ही रक्कम उपचाराच्या मदतीला देऊ आणि पावती इथेच टाकू." ज्यांनी परत मागितले त्यांना त्याच आठवड्यात द्या, आणि कुणी मागितले हे घराबाहेर जाऊ देऊ नका.